माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचं ६० रुपयांचं औषध : बाटलीला २ स्टार, हिटरला ४, खड्या मिठाला ५

स्टार वरच सांगून टाकलेत कारण बरेच जण तेवढंच बघतात, पण ज्यांच्या टँकमध्ये आत्ता या क्षणी मासे खडीवर अंग घासतायत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. बाटलीचं नाव लिहीत नाहीये. ५० मिलीची, निळ्या झाकणाची, पुढे माशाचं चित्र आणि मोठ्ठं व्हाइट स्पॉट लिहिलेलं. तशाच बाटल्या मी नंतर ३-४ दुकानांत वेगवेगळ्या नावांनी बघितल्या आणि लेबलची रड सगळीकडे जवळपास तीच. रिव्ह्यू लिहायला ३ महिने लावले, कारण पहिल्या वेळी आलेल्या रागात लिहिलं असतं तर १ स्टार दिला असता, नंतर तेच औषध शाळेच्या टँकमध्ये नीट मोजून वापरलं तेव्हा मत थोडं बदललं.

मी नाशिकला एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. घरी हॉलमध्ये २ फुटी टँक, त्यात २ एंजल, ४ ब्लॅक मॉली, ६ विडो टेट्रा आणि एक सकर (काचेला चिकटून राहणारा मांजरमासा), जो ३ वर्षांपूर्वी बोटाएवढा आणला होता आणि आता वीतभर झालाय. डिसेंबरच्या शेवटी मुलीने हट्ट केला म्हणून ३ क्लाऊन लोच आणले. केशरी अंगावर काळे पट्टे, फार गोड दिसतात. पिशवी १५ मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि सोडले सरळ टँकमध्ये. नवीन मासे आधी २-३ आठवडे वेगळे ठेवायचे असतात हे ऐकलेलं होतं, पण केलं नाही, ती चूक माझी. त्यात नाशिकची थंडी, निफाडचा पारा पेपरात छापून येतो ना ते दिवस, आमच्याकडे हिटर नव्हताच, सकाळी पाण्यात थर्मामीटर धरला तर १९ डिग्री. हे सगळे गरम प्रदेशातले मासे, एवढ्या गारठ्यात त्यांची ताकद आधीच उतरलेली असते, आणि क्लाऊन लोच तर या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला सगळ्यात आधी बळी पडणाऱ्यांपैकी.

आधी लोच खडीवर अंग घासायला लागले. एकदम तिरके होऊन झटका मारायचे आणि पुन्हा सरळ. मुलगी म्हणाली आई बघ कसे खेळतायत, आणि मलाही तसंच वाटलं. साधारण आठवड्याने मॉलीवर ठिपके दिसले. मॉली काळी कुळकुळीत त्यामुळे लपायला जागाच नाही, काळ्या कापडावर रवा सांडावा तसे, प्रत्येक दाणा सुटा, थोडा वर आलेला, शेपटीवर जास्त. एंजलवर बघायला गेलं तर चंदेरी अंगावर काहीच कळत नव्हतं, टॉर्च आडवा धरून बघितलं तेव्हा त्यांच्या परांवरही दिसले. म्हणजे तोपर्यंत सगळ्या टँकमध्ये पसरलेलं होतं.

संध्याकाळी जवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने टँक किती मोठा, मासे कुठले, हिटर आहे का, काही विचारलं नाही. बाटली हातात दिली, "रोज १० थेंब टाका, ३ दिवसांत ठिपके जातील." बाटलीवरही ३ दिवसच लिहिलेलं. टाकलं. पाणी मस्त निळं-हिरवं झालं, सकाळी उठून बघते तर पाणी पुन्हा काचेसारखं स्वच्छ. मला वाटलं औषध लागू पडलं, काम झालं की रंग जात असेल. तिसऱ्या दिवसानंतर ठिपके खरंच कमी दिसायला लागले, पाचव्या दिवशी मॉलीवर एकही नाही. घरात सगळे खूश. बाटली कपाटात.

आणि पुढच्या रविवारी सकाळी पडदा उघडला तर मॉलींचं अंग काळं कमी आणि पांढरं जास्त. एंजल पर मिटून वर कोपऱ्यात, कल्ले भराभरा हलतायत. त्या रात्री २ लोच गेले, सोमवारी पहाटे एक मॉली.

ती मॉली मी फेकली नाही. नुकतीच गेली होती, टँकच्याच पाण्यात छोट्या बरणीत घालून शाळेत नेली. काचपट्टीच्या कडेने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडला, पट्टीवर टँकच्या पाण्याचा एक थेंब, वर कव्हर स्लिप, आणि १०० पटीवर लावलं. पहिल्यांदा नुसते खवले आणि गाळ दिसला. पट्टी जरा सरकवली तर एक गोल, तपकिरी, दाणेदार गोळा, आणि तो फिरत होता. अगदी सावकाश, स्वतःभोवती, जात्यासारखा. कडेला बारीक केसांची लवलव. आणि आत मधोमध घोड्याच्या नालेसारखा वाकडा फिकट डाग, तो त्याचा केंद्रक. तो नाल दिसला की दुसरं काही असूच शकत नाही, या परजीवीची तीच ओळख. नववीच्या मुली तासाला आल्या होत्या, एकेकीने डोळा लावून बघितलं, एक म्हणाली "मॅडम, हा जिवंत आहे अजून". मासा गेला होता आणि तो मस्त फिरत होता, हे मला अजून विसरता येत नाही.

त्याचं नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिइस, फुके नावाच्या फ्रेंच माणसाने १८७६ मध्ये वर्णन केलेला, आणि नावाचा अर्थच माशाची ऊ, पुष्कळ पोरं असणारी. हॉबीवाले सगळे नुसतं इक म्हणतात. ही पुष्कळ पोरं हाच सगळा मुद्दा आहे आणि बाटलीवर नेमकं तेच कुठं लिहिलेलं नाही.

होतं काय, तर आपल्याला जो पांढरा दाणा दिसतो तो माशाच्या अंगावर बाहेरून चिकटलेला नसतो, तो कातडीच्या वरच्या थराच्या आत बसलेला असतो, आणि माशाचीच कातडी त्याच्यावर पांघरूण घालते. तिथं त्याला बाटलीतलं औषध लागत नाही. मीठ नाही, रंग नाही, काही नाही. तिथं तो खाऊन मोठा होतो, पिकला की स्वतःच गळून खाली पडतो, खडीला किंवा झाडाच्या पानाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो, तिथंही औषध फारसं पोचत नाही. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार करत शेकडो होतात, हजारापर्यंतही जातात, आणि मग कवच फोडून ती पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात. एवढ्याच टप्प्यावर ती मरू शकतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर आपली आपणच मरतात.

म्हणजे माझ्या पाचव्या दिवशी ठिपके गेले ते औषधाने गेलेच नव्हते, ते पिकून खाली पडले होते! मी बाटली कपाटात ठेवली तेव्हा खाली खडीत त्यांची पुढची पिढी तयार होत होती. २५ डिग्रीच्या आसपास हे सगळं चक्र आठवडाभरात किंवा त्याहून लवकर होतं, पाणी थंड असेल तर लांबतं, खूप गार पाण्यात महिन्यावर जातं. माझ्या १९-२० डिग्रीच्या टँकमध्ये ३ दिवसांचा कोर्स म्हणजे चक्राचा एक तुकडा. किती दिवस औषध द्यायचं हे थर्मामीटर ठरवतो, आणि त्या लेबलवर तापमानाचा एक शब्द नाही. यासाठी पहिला स्टार कापला.

दुसरा कापला तो मापासाठी. लेबलवर लिहिलंय २० लिटरला १ मिली आणि २० थेंब म्हणजे १ मिली. ज्या दुकानातून घेतली तिथं १० थेंब सांगितले ते कुठून आले देवाला माहित. आता माझ्या टँकमध्ये पाणी किती? दुकानवाले २ फुटी टँक म्हणजे ७० लिटर धरून चालतात. आतून लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ३०, पाण्याची उंची ३०, गुणून १००० ने भागलं की ५४ लिटर, त्यातून खडी आणि दगड वजा केले तर ५० धरा. म्हणजे अडीच मिली हवं, लेबलच्या हिशोबाने ५० थेंब. मी टाकत होते १०, एक पंचमांश. बरं, ते ५० थेंब तरी बरोबर का म्हणून मी शाळेत १० मिलीच्या मोजपात्रात त्या बाटलीच्या तोंडातून थेंब मोजले, तीनदा मोजले, १ मिलीला एकदा २७, एकदा २८, एकदा ३१ थेंब. म्हणजे लेबलप्रमाणे इमानदारीत ५० थेंब टाकणाऱ्या माणसाचंसुद्धा अडीच मिलीच्या जागी पावणेदोनच जातं. माझं सांगणं एकच, मेडिकलमधून ५ रुपयाची सुई नसलेली सिरिंज आणा आणि मिलीमध्ये मोजा, थेंब मोजू नका.

तिसरा स्टार कापला कारण आत काय आहे तेच छापलेलं नाही. नुसतं परजीवीनाशक द्रव्य. हिकारी कंपनीच्या इक-एक्ससारख्या बाहेरच्या औषधांवर फॉर्मल्डिहाइड आणि मॅलाकाइट ग्रीन आहे हे सरळ सांगितलेलं असतं, आणि प्रत्येक डोसआधी एक तृतीयांश पाणी बदला हेही. इथं रंगावरून अंदाज करायचा. मॅलाकाइट ग्रीन असेल तर हातमोजे घालायला हवेत, खाण्याच्या माशांच्या शेतीत त्याला बंदी आहे ती उगीच नाही, आणि लोच, सकर आणि एकूणच मांजरमाशांच्या जातीला ते पूर्ण डोसमध्ये सोसत नाही, त्यांच्यासाठी अर्ध्यानेच सुरू करतात. मेथिलीन ब्लू असेल तर फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात आणि पाण्यात अमोनिया वाढतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी, घरच्या माणसाला कळायला नको? माझे २ लोच रोगाने गेले हे नक्की, पण ते आधीच अर्धमेले असताना मी त्यांच्यावर काय ओतत होते हे मला माहीत असायला हवं होतं.

आणि कार्बन. आमच्या फिल्टरमध्ये स्पंजच्या मागे कार्बनची पिशवी आहे, ती औषध शोषून घेते. रात्री निळं पाणी सकाळी स्वच्छ दिसत होतं ते त्यामुळे. औषध टाकायच्या आधी कार्बन काढा ही एक ओळ लेबलवर असती तर... जाऊ दे.

आता हिटर. त्या सोमवारी संध्याकाळी मी मेन रोडकडच्या एका जुन्या दुकानात गेले, शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं. तिथल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती डिग्री आहे ताई?" मग मासे कुठले, सकर आहे का, फिल्टरमध्ये कार्बन आहे का. मी बाटली दाखवली तर म्हणाले औषध वाईट नाही पण तुमच्याकडे सकर आणि लोच आहे, आधी मीठ आणि गरमी करून बघा, आणि "ठिपके गेले म्हणून थांबू नका, ठिपके गेल्यावरच खरं काम सुरू होतं". त्यांच्या दुकानात नवीन आलेला माल मागे वेगळ्या टबांत ठेवतात, प्रत्येक टबाची जाळी वेगळी, त्यातला मासा मागितला तर देत नाहीत. मी एंजलसाठी म्हणून एक झाड बघत होते तर म्हणाले आत्ता नका घेऊ, आधी टँक बरा करा. सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, विकला फक्त १०० वॅटचा हिटर, ६५० रुपये. अशा दुकानदाराला किती स्टार द्यायचे ते मला कळत नाही.

हिटर काचेचा, वर लाल नॉब, २० ते ३४ पर्यंत आकडे. लिटरला साधारण १ वॅट धरतात म्हणजे मला ५० चाही चालला असता पण काका म्हणाले नाशिकच्या थंडीत ५० चा रात्रभर चालूच राहील. एक स्टार कापला तो आकड्यांसाठी, नॉब ३० वर ठेवला तरी लॅबच्या थर्मामीटरवर पाणी २८ च. म्हणून नॉबवर विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला लावा. बाकी काम चोख. एकदम गरम करायचं नाही, मी सकाळी १ आणि संध्याकाळी १ डिग्री असं करत पाच-सहा दिवसांत १९ चं ३० केलं. ३० डिग्रीला या परजीवीची पैदास बहुतेक वेळा थांबते, काही वाण गरमीही सोसतात म्हणून नुसत्या हिटरवर सोडायचं नाही, पण पाणी तापत जाताना चक्र इतकं भराभर फिरतं की पिल्लं लवकर बाहेर पडतात आणि मिठाच्या तावडीत सापडतात. एक गोष्ट मात्र, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे एअर पंप दिवसरात्र चालू. आणि पाणी बदलताना हिटरचं बटण १५ मिनिटं आधी बंद करा, गरम काच पाण्याबाहेर आली की तडकू शकते. वायर टँकवरून सरळ बोर्डकडे नेऊ नका, मध्ये खाली झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळाला गळून पडतं.

आठव्या दिवशी रात्री ३ तास लाईट गेली. हिटर बंद, पंप बंद. आम्ही टँकला आईची जुनी गोधडी चारी बाजूंनी गुंडाळली, वरची बाजू उघडी ठेवली, आणि मी आणि मुलगी आळीपाळीने मगने पाणी उचलून वरून ओतत बसलो, हवा मिसळावी म्हणून. लाईट आली तेव्हा पाणी २७ वर होतं. फक्त ३ डिग्री उतरलं, गोधडीने लाज राखली.

मीठ. साधं खडे मीठ, किराणा दुकानातलं, २० रुपये किलो. अ‍ॅक्वेरियम सॉल्ट म्हणून छोट्या डब्यात महाग मिळतं ते मीठच असतं. मी लिटरला २ ग्रॅम केलं, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम, पण एका दमात नाही. पहिल्या संध्याकाळी ५० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी सकाळी २५, संध्याकाळी २५, प्रत्येक वेळी टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी थोडं थोडं ओतलं. मॉलीला मीठ आवडतंच, ती तर दुसऱ्या दिवसापासून तरतरीत. काळजी सकर आणि उरलेल्या लोचची होती, म्हणून घाई केली नाही, प्रत्येक वेळी अर्धा तास समोर बसून बघितलं. सकरने काच सोडून वर येऊन तडफड केली असती तर लगेच साधं पाणी घालणार होते, बादली भरून तयार होती. लागली नाही.

मिठात लोकांची एक चूक हमखास होते म्हणून लिहिते. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. त्यामुळे पातळी कमी झाली म्हणून भर घालायची असेल तर साधं पाणी घाला. पण सिफनने (पाणी ओढायच्या नळीने) काढून पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ परत घाला. मी एक दिवसाआड १५ लिटर बदलत होते म्हणजे दर वेळी ३० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. दर वेळी सगळ्या टँकचं १०० ग्रॅम परत घातलंत तर मीठ वाढत जाऊन मासे माराल. नवीन पाणी गरम करून ३० ला आणूनच, आणि नळाचं असेल तर क्लोरीन काढून. हो, झाडं असतील तर हे मीठ काही झाडांना चालत नाही, माझी दोन झाडं पिवळी पडून गेली.

सिफन मात्र तळातून फिरवा, खडीत खुपसून. तो गळून पडलेला माल तिथंच असतो, जेवढा ओढून बाहेर तेवढी पुढची पिढी कमी. बादलीतला तो तपकिरी गाळ बघितला की मला त्या काचपट्टीवरच्या फिरणाऱ्या गोळ्याची आठवण यायची आणि मी आणखी एकदा फिरवायचे.

तर दिवसांचा हिशोब असा. गरमी सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके उलट वाढले, एक टेट्रा गेला, मुलगी रडली, मी काकांना फोन केला, ते म्हणाले सुरुवातीला वाढल्यासारखंच दिसणार, चक्र भराभर फिरतंय, घाबरून औषध ओतू नका. सहाव्या दिवशी कमी. नवव्या दिवशी शेवटचा ठिपका, एंजलच्या खालच्या परावर. तिथून पुढे पूर्ण १० दिवस मीठ आणि ३० डिग्री तसंच चालू ठेवलं, रोज टॉर्च आडवा धरून बघत. नंतर दिवसाला १ डिग्री उतरवत २६ वर आणलं आणि पाणी बदलत बदलत मीठ आपोआप विरळ झालं. एकूण ५ मासे गमावले, २ लोच, २ मॉली, १ टेट्रा. सकर वाचला. उरलेला एकटा लोचही वाचला, त्याच्यासाठी मात्र वाईट वाटतं, ते कळपाने राहणारे मासे.

बाटलीला न्याय द्यायचा म्हणून आता शाळेचं सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या टँकमध्ये गोल्डफिश आणले कुणीतरी आणि १० दिवसांत तेच. आधी मला शंकाच आली, कारण नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पराच्या काड्यांवर विणीच्या काळात असेच बारीक पांढरे दाणे येतात, ते रोग नाही, त्याला औषध द्यायचंच नसतं. पण इथं शेपटीवरही होते आणि अंग घासत होते, थर खरवडून बघितला, नाल दिसला. तिथं सकर नाही, लोच नाही, पाणी तसंही २७ डिग्री. मग तीच उरलेली बाटली काढली. कार्बन बाहेर. पाणी सेंटीमीटरने मोजलं, ८० लिटर, ४ मिली सिरिंजने. एक दिवसाआड, प्रत्येक वेळी आधी तळ ओढून चतुर्थांश पाणी बदललं, टँकचा दिवा दिवसा बंद ठेवला कारण रंगावरून आत मॅलाकाइट ग्रीन असावं असं वाटलं आणि ते उजेडात फिकं पडतं. ठिपके चौथ्या डोसलाच गेले होते, तरी एकूण ७ डोस, २ आठवडे. एकही मासा गेला नाही. काचेच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं-हिरवं झालं ते झालं.

म्हणजे बाटलीत दम आहे. जे २ स्टार दिलेत ते आतल्या औषधाचे. कापलेले ३ सगळे बाहेरच्या कागदाचे, आणि तो कागद बदलायला कंपनीला किती खर्च येणार आहे?

आणखी एक, हीच बाटली दुकानात सगळ्यावर देतात. अंगावर पिवळसर सोनेरी धूळ मारल्यासारखी दिसत असेल, दाणे सुटे नसतील, तर तो वेल्वेट, वेगळा परजीवी, तिथं टँक अंधारात ठेवणं हाही उपचाराचा भाग आहे. अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म, तो डोळ्यांना दिसतो, चिमट्याने काढतात आणि मोठ्या झालेल्या किड्याला ही बाटली काही करत नाही. शेपटीखाली लाल दोरे लोंबत असतील तर पोटातले जंत, त्याला लेव्हामिसोलसारखं औषध लागतं, त्यासाठी आपल्याकडे जनावरांच्या डॉक्टरला विचारलेलं बरं. आधी काय झालंय ते बघा, मग बाटली उघडा.

जाळी ओली तशीच एका टँकमधून दुसऱ्यात घालू नका, उन्हात कडकडीत वाळवली की त्यावरचं मरतं, ते वाळणं सोसत नाहीत. शाळेत आता दोन जाळ्या आहेत, दांड्याला लाल आणि हिरवी टेप लावलेली, मुलींनीच लावली.

गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी काकांकडून २ ब्लॅक मॉली आणल्या. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला २० लिटरचा पांढरा टब, त्यात स्पंज फिल्टर, छोटा हिटर, २७ डिग्री. रोज सकाळी चहा टाकला की मुलगी टॉर्च आडवा धरून बघते आणि कॅलेंडरवर फुली मारते. आज नववी फुली, अंग स्वच्छ आहे दोघींचं. अजून १२ दिवस त्या तिथंच राहणार.